डिझेल हीटर पेटून लगेच विझत होता: माझा अनुभव
परळमधील एका तळघराचे ओले प्लास्टर ऐन पावसाळ्यात वाळवण्यासाठी आणलेला डिझेलवरचा फिरता हीटर पेट घेई, पण काही सेकंदांतच बंद पडे. थर्मोस्टॅटचा आकडा भोवतालच्या तापमानापेक्षा वर असल्याखेरीज बर्नर सुरूच होत नाही, आणि मुंबईच्या उकाड्यात तो ३० अंशांच्या पुढे न्यावा लागतो. दोष मात्र तिथे नव्हता. ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या फोटोसेलवर काजळी बसल्यामुळे त्याला ज्योत दिसत नव्हती, म्हणून नियंत्रक इंधन तोडत होता. यंत्र थंड झाल्यावर प्लग काढून सेल मऊ कापडाने पुसला. नंतर चाचणीसाठी थर्मोस्टॅट खाली आणला, तेव्हा ज्योत विझली आणि पंखा दहनकक्ष थंड होईपर्यंत फिरत राहिला. चालत्या हीटरचा प्लग ओढू नये, असे मुकादमांना त्यासाठीच सांगितले. कार्बन मोनॉक्साइड साचू नये म्हणून, पावसाचे शिंतोडे आत येत असूनही, दार उघडेच ठेवले.