मीटर लावलं की व्होल्टेज पडतं: हाय व्होल्टेजच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये, नाहीतर पावडरला चार्ज देऊन उडवणारी गन आणि तिचं पॅनल दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली काम शिकायला लागलात, तर तुमची गाठ एका विचित्र विजेशी पडणार. व्होल्टेज ऐंशी-नव्वद हजार, आणि करंट म्हणाल तर शंभर मायक्रोअँपच्या आसपास. डिप्लोमात आपण शिकतो ती वीज म्हणजे घरचे 230 व्होल्ट नाहीतर मोटरचे 415. तिथं मीटर लावा, आकडा वाचा, वहीत लिहा, झालं. ही सवय इथं उपयोगाची नाही.

नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "काका, पॅनलवर नव्वद केव्ही दाखवालंय. खरंच येतंय काय बघायला तो टीव्हीवाला प्रोब लावू काय?" प्रश्न चांगला आहे, कारण पॅनलवरचा आकडा बहुतेक वेळा गनच्या टोकावर मोजलेला नसतो. पण प्रोब लावायच्या आधी कागदावर गणित करायचं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी जे प्रोब यायचे ते साधारण 40 केव्हीपर्यंतचे, आत 1000 मेगाओहम. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला पंचवीसेक केव्ही लागायचे, त्यामुळे तिथं ते छान चालले. इथं गन मोकळी असताना 90 केव्ही देते आणि टोक शॉर्ट केल्यावर 100 मायक्रोअँप, असं धरू. म्हणजे तिचा आतला रेझिस्टन्स ढोबळमानाने 900 मेगाओहम. त्याला 1000 मेगाओहमचा प्रोब लावला की व्होल्टेज वाटलं जातं आणि प्रोबवर उरतात 47 केव्ही. म्हणजे रीडिंग निम्मं, आणि तेवढं सोसायची प्रोबची ताकदही नाही. गन ठणठणीत असताना ती गेली म्हणून नवीन कॅस्केड (गनचा व्होल्टेज वाढवणारा भाग) मागवला जातो तो असा. हेच 10 गिगाओहमच्या (म्हणजे 10,000 मेगाओहमच्या) मीटरने बघितलं तर 82 केव्हीच्या वर दिसतं. गन तीच, पॅनल तेच.

झिरपणाऱ्या विहिरीत किती पाणी आहे ते बघायला मोटर लावण्यातला हा प्रकार आहे. बघेपर्यंत पाणी खाली गेलेलं असतं.

म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्याला मी आधी व्होल्टेज विचारत नाही. मीटर किती करंट खातं आणि समोरचा सोर्स किती देऊ शकतो, हे दोन आकडे विचारतो. साधं डिजिटल मल्टिमीटर डीसीला 10 मेगाओहमचं असतं. चारशे व्होल्टला ते 40 मायक्रोअँप ओढतं. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर ट्यूबच्या छोट्या सप्लायला तेवढंही झेपत नाही. गंमत म्हणजे काटेवालं जुनं 20 किलोओहम प्रति व्होल्टचं मीटर 1000 व्होल्टच्या रेंजवर 20 मेगाओहमचं होतं, म्हणजे या एका बाबतीत डिजिटलपेक्षा हलकं. भंगारात घालू नका.

सोर्स लेचापेचा आहे का, हे ओळखायची एक युक्ती कुठलंही महागडं साधन न घेता जमते. दोन सारखी मल्टिमीटरं घ्या. पहिलं लावा, आकडा बघा. दुसरं त्याला समांतर लावा. पहिल्याचा आकडा जागचा हलला नाही तर बिनधास्त विश्वास ठेवा. घसरला तर दोन्ही आकडे लिहून घ्या. समजा एका मीटरवर 210 आले आणि दोन लावल्यावर 126. पहिल्या वेळी करंट 21 मायक्रोअँप, दुसऱ्या वेळी 25.2. व्होल्टेजमधला फरक 84, करंटमधला 4.2, भागाकार केला की सोर्सचा रेझिस्टन्स निघतो 20 मेगाओहम. मग खरं मोकळं व्होल्टेज 210 अधिक 21 गुणिले 20, म्हणजे 630. मीटर 210 दाखवतंय आणि खरे आहेत 630! मात्र सोर्समध्ये रेग्युलेटर असेल किंवा लोड वाढल्यावर त्याचा ऑसिलेटरच बसत असेल, तर हे सरळ रेषेचं गणित लागू पडत नाही. शिवाय ही युक्ती मीटरच्या रेंजमधल्या व्होल्टेजसाठीच. गनच्या टोकाला मल्टिमीटर नेऊ नका.

पाच-दहा केव्हीपर्यंतचा डिव्हायडर, म्हणजे मोठं व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारी रेझिस्टरची साखळी, स्वतः करता येतो, आणि शिकणाऱ्याने एकदा तरी करावाच. पाव वॅटचे 10 मेगाओहमचे शंभर रेझिस्टर एकापुढे एक जोडले की 1000 मेगाओहम होतात. शंभर का, एकच मोठा का नाही? पाव वॅटचा साधा रेझिस्टर 250 व्होल्टच्या वर भरवशाचा नसतो. शंभरात 10 केव्ही वाटले तर प्रत्येकावर फक्त 100 येतात. साखळीच्या तळाशी 1 मेगाओहमला 110 किलोओहम सिरीजमध्ये जोडून कायमचं सोल्डर करा. मीटरचे 10 मेगाओहम त्याला समांतर आले की तळाशी जवळजवळ 1 मेगाओहम उरतो, आणि 10 केव्हीला मीटरवर 10 व्होल्ट दिसतात. तळाचा रेझिस्टर वगळून नुसत्या मीटरवर काम भागवणारे आहेत. मीटरची वायर निसटली की सगळं व्होल्टेज त्या निसटलेल्या टोकावर येतं, एवढं त्यांना सांगा. सोल्डरचे थेंब गोल, गुळगुळीत ठेवा; टोकदार राहिला तर तिथून कोरोना सुटतो, म्हणजे वीज हवेत गळते.

डिव्हायडर तपासायला मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, वापरा. त्याचे 500 व्होल्ट आधी थेट मल्टिमीटरने वाचा, मग डिव्हायडरमधून. मेगरला 10 मेगाओहम जड जात नाही, त्यामुळे पहिला आकडा खरा धरायला हरकत नाही.

आता आपल्याकडच्या हवेचं. जूनमध्ये खानापूरच्या बाजूने पाऊस सरकला की बेळगावात बोर्डाला ओल धरते, आणि मार्चमध्ये बरोबर चालणारा डिव्हायडर खोटं बोलायला लागतो. ग्लास-इपॉक्सीच्या पृष्ठभागावरून, विशेषतः फ्लक्स आणि बोटांचा घाम राहिलेल्या जागेवरून, करंट चोरवाटेने जातो. वरच्या साखळीचा रेझिस्टन्स त्याने कमी होतो, म्हणून रीडिंग चढं येतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, हेअर ड्रायरने कोमट वाळवा, आणि नंतर कडेलाच धरा. दुसरं म्हणजे उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. ठिणगी किती लांब उडते त्यावरून व्होल्टेज सांगायची जुनी पद्धत, म्हणजे सेंटिमीटरला साधारण 30 केव्ही, इथं तेवढ्याने चुकते. तक्ते समुद्रसपाटीच्या दाबासाठी केलेले असतात. टोकदार वस्तूंमधली ठिणगी तर त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला उडते, त्यावरून काहीच ठरवू नका.

करंट अजिबात न ओढता मोजायचं असेल तर दोन रस्ते. एक, इलेक्ट्रोस्टॅटिक व्होल्टमीटर: दोन पत्र्यांमधल्या ओढीवर काटा हलतो, चार्ज होण्यापुरता काय तो करंट. दुसरा तुम्ही पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) लॅबमध्ये केलेला आहे. पोटेन्शियोमीटरवर डॅनिएल आणि लेक्लांशे सेल ताडून बघताना गॅल्व्हानोमीटर शून्यावर आणायचो, आठवतंय? शून्यावर सेलमधून करंट जात नाही. हाय व्होल्टेजला तेच: समोर बदलता येणारा दुसरा सप्लाय ठेवायचा, मधला इंडिकेटर शून्यावर आणायचा, आणि दणकट असलेल्या आपल्या सप्लायचं व्होल्टेज खुशाल मोजायचं. प्रयोग म्हणून परीक्षेपुरता रट्टा मारलात तो इथं पगार देतो.

शेतातल्या झटका मशीनचा विषय वेगळा. तिथं क्षणभराचे पल्स असतात, साध्या डीसी मीटरवरच्या आकड्याला अर्थ नाही. कुंपणाचा टेस्टरच घ्या.

"करंटच नाही, मग काय होतंय?" असं म्हणणारा एखादा शॉपमध्ये असतोच. सोर्स मायक्रोअँपचा असला तरी कपॅसिटरमध्ये साठलेलं एका झटक्यात बाहेर येतं. शिवाय कोटिंगची पावडर हवेत तरंगत असताना लहानशी ठिणगीही आग लावू शकते, त्यामुळे मोजमाप बूथ साफ करून, पावडर बंद ठेवूनच. क्रम असा: आधी प्रोबची अर्थ क्लिप पक्की लावा, मग सप्लाय चालू करा. संपल्यावर सप्लाय बंद करा, रेझिस्टर लावलेल्या डिस्चार्ज स्टिकने टोक अर्थ करा, थोडं थांबून पुन्हा एकदा करा, आणि अर्थ क्लिप सगळ्यात शेवटी काढा. सर्व्हिस रिपोर्टमध्ये नुसतं "82 केव्ही" लिहू नका. शेजारी मीटर किती गिगाओहमचं होतं आणि पॅनलवर तेव्हा किती मायक्रोअँप होते ते लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तीच गन तपासायची झाली तर त्या आकड्याशी आपला आकडा ताडता येईल.