बर्नआउटची सुरुवात ओळखायला वॉर्डातल्या स्टाफला कसं शिकवावं

बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून रिकामा होणं. त्याचं प्रशिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी तासभर स्लाइड आणि शेवटी प्राणायाम. त्यातून शेजारच्या सिस्टरमधला बदल टिपायला कुणी शिकत नाही. एका वॉर्डातले 8 ते 12 जण, 60 मिनिटं आणि कोरे कागद एवढं पुरतं. सत्र ड्युटीच्या वेळेतच घ्या. नाइट उतरलेल्यांना थांबवू नका. इन्चार्ज आणि मेट्रन यांना वेगळं बसवा, त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही.

त्याआधी मेट्रनकडून एक गोष्ट पक्की करून घ्या: कुणी अडचण सांगितली तर पुढच्या रोस्टरमध्ये नाइट बदलून मिळेल का? ‘नाही’ असेल तर सत्र पुढे ढकला. खुणा शिकवायच्या आणि पुढे दार बंद, याने लोक आणखी गप्प होतात.

पहिली 10 मिनिटं ओळखीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही, कामाशी जोडलेली स्थिती आहे. त्याची अंगं तीन: थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा तुसडेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. थकवा सगळ्यांना कळतो. तुसडेपणा मात्र ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून खपून जातो, म्हणून जास्त वेळ त्याला द्या.

पुढची 25 मिनिटं खुणांची. चेहरा नको, काम बघायला लावा. पेशंटला नावाने हाक मारणारी सिस्टर बेड नंबरवरून ‘सहा नंबर’ म्हणू लागते. ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती देणं, ‘सगळं ठीक’मध्ये उरकते. बीपी-टेंपरेचरच्या नोंदी ड्युटी संपताना एकदम भरल्या जातात. नातेवाईक दिसले की ती वाट बदलते. ऑफ घेऊनही थकवा उतरत नाही. प्रत्येकाने आपल्या वॉर्डातल्या तीन खुणा लिहाव्यात, नावं न घालता.

एकट्या खुणेवरून काही ठरवू नका. काहीजणी पहिल्यापासूनच बेड नंबरने बोलतात. तुलना त्या व्यक्तीच्या आधीच्या वागण्याशी करायची. दोन-तीन बदल दोन आठवडे टिकले, तर विचारायचं. हा कामचलाऊ नियम आहे, निदान नव्हे. हमखास सुटतात त्या कधीच सुट्टी न घेणाऱ्या, दुसऱ्यांच्याही ड्युट्या उचलणाऱ्या. त्यांचं कौतुक होतं, चौकशी होत नाही.

मग 15 मिनिटं जोड्यांनी सराव. ‘तुम्हाला बर्नआउट झालाय’ असं म्हणायचं नाही. दिसलं तेवढंच सांगायचं: ‘ताई, हल्ली तुम्ही डबा खायला आमच्यात बसत नाही. काही जड जातंय का?’ आणि गप्प राहायचं. सल्ला द्यायची घाई इथेच नडते.

उरलेली 10 मिनिटं पुढच्या वाटेला. थकवा दिसला की हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा. उदासी घरी, सणावारी, आवडत्या गोष्टींतही राहत असेल तर नैराश्याची शक्यता धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलणाऱ्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो ड्युटी रूममध्ये लावा.

मोजमाप हवंच असेल तर बर्नआउट मोजणारी 19 प्रश्नांची कोपनहेगन प्रश्नावली निनावी भरून घ्या आणि फक्त वॉर्डाची सरासरी काढा. ती सर्व्हिस बुकाच्या आसपासही फिरकता कामा नये. अख्ख्या वॉर्डाचा आकडा चढा निघाला, तर आधी रोस्टर तपासा.