घट बसायच्या आधी घर आवरताय? या चुका टाळा

पितृपंधरवडा लागला की लातूर काय, परभणी काय, घरोघरी नवरात्राची धुणी निघतात. वाकळा, पडदे, माळ्यावरची भांडी, सगळं खाली. मीही कित्येक वर्षं घासलं, धुतलं, वाळवलं आणि जिथल्या तिथं परत ठेवलं. घर लख्ख व्हायचं, पसारा मात्र तेवढाच. सगळ्यात मोठी चूक हीच. आधी निवडा, मग धुवा. जे ठेवायचंच नाही त्याच्यावर पाणी कशाला घालायचं? आपल्याकडं नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी.

माळ्यापासून सुरुवात करू नका. तिथं आठवणी असतात, एकेका घागरीपाशी तास जातो. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि खाली पाय ठेवायला जागा उरत नाही. मी झाकणांपासून सुरुवात केली. सगळे डबे, सगळी झाकणं फरशीवर मांडून जोड्या लावल्या. चौदा झाकणं उरली, त्यांचे डबे कधीच गेले होते. अर्ध्या तासात एक फडताळ मोकळं झालं आणि जीवही तुटला नाही. निवडायचा हात अशाच वस्तूंवर बसतो.

मधेच अडकलात तर नवीन काही काढू नका. बाहेर आहे तेवढंच मार्गी लावा. द्यायचं पोतं त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे, दाराआड ठेवलेलं पोतं हमखास पुन्हा उसकटलं जातं. साड्या देऊन भांडेवालीकडून आणखी एक टोप घेतला, तर पसारा फक्त बदलतो.

कोपऱ्यातल्या ढिगात उघडा हात घालू नका, आधी काठीनं हलवा. विंचू असतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी दाण्याला, पाण्याला वापरू नका.

कागदांच्या बाबतीत मात्र अजिबात घाई नको. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता, त्यामुळं जुन्या पेटीत उर्दू किंवा मोडीतले कागद निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. 2023 मध्ये सरकारनं नेमलेली न्यायमूर्ती शिंदे समिती मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी निजामकाळातलं दप्तर तपासू लागली, तेव्हा अशा कागदांची किंमत कळली. जमिनीच्या कामात 1954-55 च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमीन कुणाची आणि कोण कसतं याच्या जुन्या नोंदीची, आजही गरज पडते. न वाचता येणारा प्रत्येक कागद जाणकाराला दाखवा, फोटो काढा, वाळवी लागणार नाही अशा कोरड्या पेटीत ठेवा.

आणि घरातल्या मोठ्यांच्या वस्तू त्यांच्या पाठीमागं टाकू नका. 1972 च्या दुष्काळात मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढलेलं माणूस रिकामा डबासुद्धा जपतं, त्यामागं त्याचं सोसणं असतं. एकदा मी न विचारता एक फुटकी कळशी भंगारात दिली. आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी भांडी त्यांच्यापुढं मांडली आणि विचारलं, “आत्याबाई, यातलं लेकींना काय द्यायचं?” त्यांनी एकेक भांडं पदरानं पुसत सात वेगळी काढली, आणि कुठलं कुणाला, तेही स्वतःच सांगितलं.