सप्तसूत्रीतील नसबंदी ग्रामसभेने कशी राबवावी

पाणलोट विकासावर उभ्या असलेल्या राज्याच्या आदर्श गाव योजनेत उतरणाऱ्या गावाला श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी (झाडे न तोडणे), लोटाबंदी (उघड्यावर शौचाला न जाणे), बोअरवेलबंदी आणि नसबंदी, म्हणजे कुटुंबनियोजन, ही सप्तसूत्री स्वीकारावी लागते. चराई आणि बोअरवेल यांवर ग्रामसभेत कडाक्याचे वाद होतात. नसबंदीचा ठराव मात्र बहुधा चर्चेविना संमत होतो आणि इतिवृत्तातच राहतो.

सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करावी. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने हजार वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते, आणि एका हेक्टर उसाला साधारण तेवढेच पाणी जाते. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, म्हणजे ‘माणसे वाढली म्हणून विहिरी आटल्या’ असे म्हणून ज्याच्या घरी तिसरे मूल झाले त्याच्याकडे बोट दाखवणे थांबेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी. तरीही कुटुंबनियोजन आणि पाणी यांचा संबंध आहेच, कारण भावाभावांत जमिनीची खातेफोड झाली की गुंठ्यांत उरलेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बोअर हवी असते. मात्र हा परिणाम पिढीने दिसतो. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईच्या अंगातले कमी होणारे रक्त आणि तिची इच्छा यांचा प्रश्न आजचा आहे, आणि नियोजनाचे खरे कारण तेच मानावे.

यानंतरचे काम ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे द्यावे. आशा स्वयंसेविकेकडे जननक्षम जोडप्यांची नोंद असते. ती सभेत वाचू नये आणि सरपंचानेही मागू नये. नवविवाहित जोडप्यांशी आणि सासवांशी वेगवेगळे बोलणे उत्तम, कारण पाळणा लांबवण्याचा निर्णय पुष्कळदा सासूपाशीच अडतो. दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवण्यासाठी तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन, निरोध आणि छाया गोळी ही साधने सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हा बदल नीट समजावून सांगावा.

सर्वांत जास्त वेळ पुरुषांसाठी राखून ठेवावा. त्याच सर्वेक्षणात राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली दिसते, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. कुऱ्हाडबंदीसाठी पुढे सरसावणारे हात इथे मागे राहतात. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असते, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती दिली जाते, आणि पुरुष त्याच दिवशी घरी जातो. या शस्त्रक्रियेने पुरुषत्व किंवा कामाची ताकद कमी होत नाही, हे शक्यतो शस्त्रक्रिया झालेल्या आणि स्वखुशीने बोलायला तयार असलेल्या गावकऱ्यानेच सांगावे. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने निरोध वापरणे आवश्यक असते, आणि त्यानंतर वीर्यतपासणी करूनच ती यशस्वी झाली असे धरावे.

उद्दिष्टाचा आकडा ठरवू नये. आणीबाणीत १९७६ साली झालेली नसबंदीची सक्ती जुन्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि रेशन, घरकुल किंवा नळजोडणी यांच्याशी नसबंदी जोडली तर आशाताईंसाठी दार उघडणार नाही. संमतिपत्रावर सही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याची लागते. जोडीदाराची संमती बंधनकारक नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राशी शिबिराची तारीख ठरवताना सुगी टाळावी, आणि त्या आठवड्यात बांधबंदिस्तीचे श्रमदान ठेवू नये, कारण शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर ओझे उचलणे आणि सायकल चालवणे टाळायचे असते.