जर्मनीतल्या रविवारची तयारी

जर्मनीत बिऱ्हाड थाटलंत की पहिल्या आठवड्यापासूनच किराणा शनिवारी भरायची सवय लावून घ्या. रविवारी सुपरमार्केट बंद असतात. दूध संपलंच, तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान किंवा पेट्रोल पंप, आणि तिथे भाव चढे. बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, तेव्हा पावाची सोय होते.

खरी काळजी मिक्सरची. रविवारी दिवसभर आणि रोज साधारण रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. इमारतीची नियमावली, म्हणजे ‘हाउसऑर्डनुंग’, नीट वाचा. काही ठिकाणी दुपारचीही वेळ दिलेली असते. इडलीचं पीठ, दाण्याचं कूट, ओली चटणी शनिवारी संध्याकाळीच करून ठेवा. आपले मिक्सर फार घरघरतात, त्यामुळे खाली जाड रबरी मॅट घालाच. व्हॅक्यूम, ड्रिल, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणं, हेही रविवारी नको.

मुलांना मात्र या धाकाने सारखं गप्प बसवू नका, त्यांचा जीव कोंडतो. खेळाच्या मैदानावरच्या आणि पाळणाघरातल्या मुलांच्या आवाजाला २०११ पासून कायद्याचंच संरक्षण आहे. रविवारी त्यांना खुशाल मैदानावर न्या.