एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला निघताना

डिसेंबर जवळ आला की आमच्या कॉलेजच्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "दादा, शिबिराला काय काय न्यायचं?" पूर्वी मी एका ओळीत सांगून मोकळा व्हायचो: अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, टॉर्च. दोन शिबिरं स्वयंसेवक म्हणून केली, मग चार वर्षं सरांच्या हाताखाली मदतीला गेलो, आणि आता ते उत्तर फारच तोकडं वाटतं. बॅग एका संध्याकाळीत भरून होते. गावावर आपला भार पडणार नाही अशी तयारी करायला मात्र महिना लागतो. पन्नास पोरं सात दिवस मुक्कामाला म्हणजे गावाच्या दृष्टीने वऱ्हाडच की. फरक एवढाच, की या वऱ्हाडाने आपला स्वयंपाक आपण करायचा आणि आहेरही आपणच ठेवून यायचा. म्हणून यादी लांबली आहे, सांभाळून घ्या.

आधी कागदपत्रं, कारण ती कंटाळवाणी आहेत आणि शेवटी ठेवली की राहतात. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम आणि त्यातच कधीतरी एकदा हे सात दिवसांचं विशेष शिबिर, असा एनएसएसचा हिशेब. शंभर जणांच्या युनिटमधून साधारण निम्मे शिबिराला जातात. नाव पक्कं झालं की पालकांचं संमतिपत्र सही करून आणा, आधारची झेरॉक्स द्या, घरचे दोन फोन नंबर लिहून द्या आणि रक्तगट माहीत नसेल तर तपासून घ्या. दमा, फिट, मधुमेह, कसली अ‍ॅलर्जी असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे युनिट सांभाळणाऱ्या सरांना, स्पष्ट सांगा. आमच्यातल्या एकाने दमा लपवला, कारण "मग नेणार नाहीत." पहिल्याच सकाळी समाजमंदिर झाडताना धुळीने त्याचा श्वास कोंडला. पंप घरी, आणि रस्त्याला लागायला चार किलोमीटर. खरं सांगितलं असतं तर सरांनी त्याला नेलंच असतं, फक्त झाडू हातात दिला नसता.

आता खरी तयारी. शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी पाच-सहा जणांनी सरांबरोबर गावात जाऊन यायचं. उद्घाटनाला कोण पाहुणे आणि हार किती, हे ठरवायला ही फेरी नसते. सरपंच आणि ग्रामसेवक भेटतीलच, पण आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी यांना गाठल्याशिवाय परतू नका. गावाला काय हवंय ते याच तिघांना नेमकं ठाऊक असतं. शाळेत उतरणार असाल तर आधी संडास मोजा. हसू नका, मोजाच. पन्नास माणसं, दोन संडास आणि सकाळचे दीड तास, हे गणित कागदावर मांडलंत की कळेल की उठण्याच्या वेळा गटागटाने लावाव्या लागणार. आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी नळाला की हापशाला, हे मुलींनी स्वतः जाऊन पाहायचं. मुलांनी "आहे, आहे" म्हटलेलं धरायचं नाही. गावाला पाणी एक दिवसाआड येत असेल तर आंघोळीला एक बादली, आणि ती पाळायची. गावातल्या बायका हंड्यांची रांग लावून उभ्या आणि आपली पोरं नळाखाली शॅम्पू करतायत, असं दृश्य मी पाहिलं आहे. त्यानंतर आम्ही कितीही घाम गाळला तरी त्या बायका आमच्याशी धड बोलल्या नाहीत.

काम कोणतं करायचं हेही याच फेरीत ठरतं. वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध, सगळ्यांना आवडतो, फोटोही झकास येतो. पण त्याला वाहतं पाणी लागतं, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतं. डिसेंबरच्या शेवटी ओढा कोरडा पडला असेल तर नुसत्या गोण्यांची भिंत बांधून काय अडवणार? धार असेल तरच बंधारा धरा. नसेल तर सांडपाण्याचे शोषखड्डे घ्या. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान दगड-विटांचे तुकडे, मग वाळू, एवढं सोपं काम. पण काळ्या चिकण मातीत ते पाणी पित नाहीत, आणि विहिरीजवळ तर मुळीच खणायचे नाहीत. मुरमाची जमीन आणि उतार असेल तर समतल चर, म्हणजे पाणी जिरवायला उतारावर एकाच पातळीत खणलेले चर. आखणी ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी A सारख्या चौकटीने, करता येते. तीन बांबू, एक दोरी आणि ओळंब्याला दगड. ती करायची कशी हे कॉलेजच्या ग्राउंडवरच शिकून घ्या, गावात पहिल्यांदा नको.

अवजारांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फ्लेक्स आठ दिवस आधी छापून तयार असतो, आणि फावडी निघतात दोन. पन्नास जणांचे पाच गट धरले तर प्रत्येक गटाला दोन टिकाव, दोन फावडी, चार घमेली आणि एक पहार एवढं तरी हवं. ग्रामपंचायतीकडे काय आहे ते विचारा, बाकीचं कॉलेजच्या स्टोअरमधून किंवा भाड्याने आणा. "गावकऱ्यांकडून घेऊ" यावर विसंबू नका. हे दिवस रब्बीच्या कामाचे, शेतकऱ्याला त्याचं फावडं शेतात लागतं. आणलेली अवजारं आदल्या आठवड्यात तपासा. टिकावाचा दांडा हलत असेल तर पाचर ठोका आणि रात्रभर ते टोक पाण्यात ठेवा. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. हे मला गावातल्या एका आजोबांनी शिकवलं, तेही माझ्या टिकावाचं पातं उडून त्यांच्या पायाशी पडल्यावर. एक शब्द न बोलता त्यांनी ते उचललं आणि हौदाकडे चालू लागले.

बंधाऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात. बांधकामाच्या ठिकाणी सांगून ठेवलं तर मिळतात, पण महिनाभर आधी सांगावं लागतं. फाटक्या तिथेच बाजूला काढा. सोबत सुतळीची बंडलं आणि दाभण हवेत. दाभण प्रत्येक गटाला दोन, कारण एक हरवतंच. पहिल्या वर्षी आम्ही जोशात गोण्या गच्च भरल्या. त्या झाल्या मडक्यासारख्या गोल, एकीवर एक ठेवली की घरंगळायची आणि मधल्या फटींतून पाणी खळखळ निघून जायचं. दुपारपर्यंत बांधलेलं संध्याकाळी उतरवलं. गोणी पाऊण भरायची, तोंड दुमडून शिवायचं, आडवी टाकून वरून पायाने दाबायची म्हणजे ती चपटी बसते. विटांसारखे सांधे मोडत वरचा थर रचायचा आणि पाण्याच्या बाजूने काळ्या मातीचा लेप द्यायचा. गोणी शिवायचा सराव निघण्याआधी करा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला दाभणात सुतळी ओवता येत नाही, हे पाहून गावातल्या बाया जे हसल्या ते अजून कानात आहे. पण मग त्याच येऊन बसल्या आणि अर्ध्या गोण्या त्यांनी शिवून दिल्या.

स्वयंपाकघर. आचारी सांगितला असेल तर त्याला मदतीचे गट लावायचे, नसेल तर तुम्हीच आचारी. आमच्या अंदाजाने पन्नास जणांना एका वेळच्या खिचडीला पाच किलो तांदूळ आणि दीड-दोन किलो डाळ पुरते, पोह्यांना साडेचार किलो. श्रमदानाच्या दिवशी हात थोडा सैल ठेवा. घरी दीड पोळी खाणारी पोरगी तिथे चार खाते. किराणा शहरातून भरून न्या, भाजी आणि दूध मात्र गावातच रोख देऊन घ्या. भाकरीचा मोह टाळा. एका वर्षी गावाने हौसेने "पहिल्या दिवशीची भाकरी आमच्याकडून" म्हटलं आणि आम्ही खूष. नंतर कळलं की घराघरातल्या बाया पहाटे चारला उठून दीडशे भाकऱ्या थापून शेतावर गेल्या होत्या. सेवा कोण करत होतं, कोणाची?

गणवेशाबरोबर टोपी आणि बिल्ला घ्या. बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या रथाचं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, हे ओरिएंटेशनमध्ये सगळे पाठ करतात. आठ प्रहरांचा अर्थ मात्र तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला चहाचं पातेलं चढवायची पाळी आली की कळतो.

बाकी बॅगेचं थोडक्यात. सतरंजी आणि जाड पांघरूण. कोकणात चादर पुरेल, पण नाशिक किंवा विदर्भाकडे जाणार असाल तर शाळेची फरशी रात्री बर्फ होते, अंगाखाली दोन थर हवेत. श्रमदानाचे जुने पूर्ण बाह्यांचे कपडे दोन जोड, बंद बूट, नखं कापलेली. ताट, वाटी, पेला, सगळ्यांवर नाव. बॅगेला लहान कुलूप. हाताला फोड येतातच. कापडी पट्टी आणि खोबरेल तेल ठेवा. मुलींनी सॅनिटरी पॅड नेहमीपेक्षा जास्त घ्या, आणि वापरलेले कागदात गुंडाळून परत आणण्यासाठी वेगळी पिशवी. गावात ते कुठे टाकणार? याबद्दल मोकळेपणाने आधीच बोला, मॅडम बोलल्या नाहीत तर तुम्ही विषय काढा. दागिने, महागडे हेडफोन घरी.

प्रथमोपचाराच्या पेटीत ओआरएसची पाकिटं असू द्या. ती संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सकाळी बूट घालण्याआधी उलटे आपटा, विंचू तिथे झोपतो. रात्री टॉर्चशिवाय संडासलाही जायचं नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपासून खरा धोका. मण्यार तर रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी कधीकधी कळतही नाही. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ला फोन करून थेट दवाखाना. विंचवाच्या बाबतीतही मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवल्यापासून वेळेत पोहोचलेला माणूस सहसा वाचतो. सर्पदंशाची लस कोणत्या रुग्णालयात आहे हे मात्र पाहणीच्या फेरीतच विचारून, नंबरासह शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

दुपारच्या गृहभेटींसाठी प्रश्नावली छोटी करा. आमची पहिली प्रश्नावली सहा पानांची होती; चौथ्या पानावर एक मावशी म्हणाल्या, "बाळा, गाय धारेला आलीय, उरलेलं तूच लिही." वीस प्रश्न पुष्कळ झाले. माणसं शेतातून परतल्यावर, दिवे लागायच्या सुमाराला जा. कर्ज, जात, दारू हे शेजारी ऐकत असताना विचारायचं नाही. फोटो काढण्याआधी विचारा, लहान मुलांचे तर आईला विचारल्याशिवाय नकोच. आणि जे विचारलंत त्याचं पुढे काय होणार, ते सांगता आलं पाहिजे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी निष्कर्षाचं एक पान ग्रामपंचायतीत देऊन या, तिथे ते उपयोगी पडतं.

संध्याकाळच्या पथनाट्यात गावाला अडाणी दाखवणारं पात्र ठेवू नका. शहरी साहेब येऊन सगळ्यांना शहाणं करतो, ही गोष्ट गावाने शंभरदा पाहिली आहे. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाला एक संध्याकाळ द्या आणि तुम्ही सतरंजीवर बसा.

घरून परवानगी मिळाली नाही किंवा सात दिवस नोकरी सोडून येता येत नाही, अशांनी खट्टू होऊ नये. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक हवे असतात, विसर्जनाच्या घाटांवर निर्माल्य गोळा करायला हात लागतात, आणि वय अठरा, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर रक्तदान आहेच. मुलांनी तीन महिन्यांचं, मुलींनी चार महिन्यांचं अंतर ठेवून. या सगळ्यासाठी बॅगही भरावी लागत नाही.

समारोपाच्या दिवशी भाषणं लांबतात, म्हणून शाळा आदल्या रात्रीच आवरा. बाकं होती तशी लावा, चुलीची राख उचला, फळ्यावर गुरुजींनी लिहिलेलं काही पुसलं असेल तर पुन्हा लिहून ठेवा. अवजारं यादीशी ताडून मोजा. एक पहार नेहमी कमी भरते आणि ती नेहमी ओढ्याकाठच्या झुडपात सापडते. दूध, भाजी, जळण यांची बाकी चुकती केल्याशिवाय गाडीत बसू नका.

आणि जानेवारीतला एक रविवार आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बंधाऱ्याच्या गोण्या उन्हाने विरतात, शेरडं त्यांच्यावरून ये-जा करतात, एखादी फाटली की तिथून पाणी वाट काढतं. चार-पाच जण गेलात तरी पुरे. जाताना डझनभर रिकाम्या गोण्या, सुतळी आणि दोन दाभण घ्या, आणि डबा घरून.