साताऱ्याहून क्रुगरला: दक्षिण आफ्रिकेतील जंगल सहलीची तयारी

टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकांत दक्षिण आफ्रिकेची सहल बहुधा एकाच साच्यातली असते: केप टाउन, किनाऱ्यालगतचा गार्डन रूट, जोहान्सबर्ग, जमल्यास व्हिक्टोरिया धबधबा आणि या सगळ्यात कुठेतरी बसवलेली दोन रात्रींची सफारी. ज्यांना मुळात प्राणीच पाहायचे आहेत, अशा सातारा-सांगलीकडच्या कुटुंबाने हा बेत स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन रात्रींत जंगलात फार तर तीन-चार फेऱ्या होतात, त्यांतली पहिली प्रवासाच्या शिणात जाते आणि उरलेल्या वेळात सिंह दिसला की नाही, एवढाच हिशेब मनात राहतो. त्याऐवजी एकच उद्यान निवडावे आणि तिथे निदान पाच-सहा रात्री मुक्काम करावा.

पहिल्या खेपेला ते उद्यान क्रुगर असावे. 1898 मध्ये साबी नदीच्या परिसरात राखीव जंगल म्हणून त्याची सुरुवात झाली आणि 1926 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार सुमारे 19,500 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तर जेवढा मुलूख होईल, त्याहून थोडा जास्तच. इथे स्वतःची किंवा भाड्याची साधी मोटार घेऊन फिरता येते, कुंपणाने सुरक्षित केलेल्या सरकारी कॅम्पांत स्वयंपाकघरासह खोली मिळते आणि त्यामुळे चार जणांचे कुटुंब खासगी लॉजच्या तुलनेत फारच कमी खर्चात राहू शकते. बोत्सवानातील ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश आणि नामिबियातील एतोशा ही दोन्ही ठिकाणे अपूर्व आहेत. परंतु ओकावांगोतील बहुतेक कॅम्प अतिशय महाग आहेत आणि एतोशाला पोहोचण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून ती दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावीत. क्रुगरला लागून असलेल्या साबी सँडसारख्या खासगी राखीव जंगलांत अनुभवी माग काढणारे सोबत असतात आणि बिबट्या अगदी जवळून दिसण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा ऐपत असल्यास शेवटच्या एक-दोन रात्री तिथे घालवाव्यात.

आपल्या शाळांना सुट्टी असते तो मे महिना तिकडे कोरड्या हंगामाच्या सुरुवातीचा असतो, ही आपल्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे. पाऊस संपलेला असतो, गवत पिवळे पडून बसू लागते आणि पाण्याची डबकी आटल्यामुळे प्राणी ठरावीक पाणवठ्यांकडे वळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रान आणखी उघडे होते आणि प्राणी दिसण्याच्या दृष्टीने तोच काळ सर्वोत्तम आहे. दिवाळीच्या सुट्टीत मात्र उकाडा वाढलेला असतो आणि पहिल्या पावसाने झाडोरा दाट होऊ लागलेला असतो. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या मे ते ऑगस्टच्या दिवसांत, पहाटे उघड्या गाडीतून जाताना थंडी अक्षरशः बोचते, म्हणून आफ्रिका म्हणजे ऊन असे समजून स्वेटर आणि कानटोपी घरी ठेवू नये. कॅम्पांचे आरक्षण दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेच्या संकेतस्थळावर जवळजवळ वर्षभर आधी खुले होते आणि चांगल्या खोल्या लवकर संपतात. त्यामुळे पुढच्या मे महिन्याचा विचार या मे महिन्यातच करावा.

कागदपत्रांत व्हिसाकडे सगळ्यांचे लक्ष असते, पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीकडे मात्र नसते. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणारी अनेक विमाने अदिस अबाबा किंवा नैरोबी मार्गे जातात, आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही देश पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. अशा देशात बारा तासांपेक्षा अधिक थांबा झाल्यास दक्षिण आफ्रिकेत लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि परतीच्या वेळी भारतातील विमानतळावरही ते मागितले जाऊ शकते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. म्हणून एकतर आखाती शहरांमार्गे तिकीट काढावे किंवा सरकारमान्य केंद्रात लस घ्यावी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. गाडी स्वतः चालवणाऱ्याने आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तिकडे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हात लगेच बसतो.

जोहान्सबर्गपासून उद्यानाच्या दक्षिणेकडील प्रवेशद्वारांपर्यंत साधारण साडेचारशे किलोमीटरचा रस्ता आहे. विमान सकाळी पोहोचत असेल तरच त्याच दिवशी निघावे, कारण अंधार पडल्यावर त्या भागात गाडी चालवणे टाळायला हवे. वाटेत म्बोम्बेला शहरात भाजीपाला, दूध, तांदूळ भरून घ्यावे. मुक्कामाचे दोन भाग करावेत: पहिल्या तीन रात्री साबी नदीकाठच्या लोअर साबी कॅम्पात आणि पुढच्या तीन मध्यभागातील सातारा कॅम्पात. होय, क्रुगरमध्ये सातारा नावाचाच कॅम्प आहे, परंतु तो निवडावा तो तिथल्या जमिनीसाठी. आपल्या सह्याद्रीप्रमाणेच तिथला खडक बेसाल्टचा आहे, त्यावर कसदार गवताची विस्तीर्ण माळराने पसरली आहेत, त्या गवतावर झेब्रा आणि विल्डबीस्ट (बैलासारखा दिसणारा मोठा हरीणवर्गीय प्राणी) यांचे कळप पोसले जातात आणि त्यांच्यामागे सिंह येतात. त्या कॅम्पाजवळचा एस-100 हा मातीचा रस्ता पहाटे फाटक उघडताच गाठावा. लोअर साबीच्या अगदी बाहेर असलेल्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीच्या खिडकीतून निवांत पाहता येतात.

उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, पण प्राणी पाहायचे असतील तर 25 च्या पुढे जाऊ नये. झुडपाकडे पाहण्याऐवजी झुडपाच्या आरपार पाहण्याची सवय लावावी. संपूर्ण प्राणी शोधू नये, हलणारा कान किंवा शेपटीचा झुबका शोधावा. इम्पाला या तिकडच्या हरणासारख्या प्राण्यांचा कळप चरणे थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, किंवा जिराफ मान वळवून बराच वेळ एका जागी पाहत असेल, तर तिथे थांबून इंजिन बंद करावे. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी. ती वापरण्याचा सराव निघण्यापूर्वी मायणीच्या तलावावर किंवा सागरेश्वरला करून घ्यावा, कारण चालत्या प्राण्यावर दुर्बीण पटकन स्थिर करणे वाटते तितके सोपे नाही.

दुपारी अकरा ते तीन या वेळेत बहुतेक प्रवासी कॅम्पात झोपतात. त्या वेळी एखाद्या पाणवठ्यावर तासभर थांबावे. जिराफ पाणी पिण्याआधी कितीतरी वेळ चाहूल घेत राहतो, मग पुढचे दोन्ही पाय हळूहळू फाकवून मान खाली नेतो आणि जरा खुट्ट झाले की सगळा डोलारा एका झटक्यात सावरून उभा राहतो. धावत्या गाडीतून यातले काहीही दिसत नाही.

हत्तींच्या बाबतीत विशेष सावध असावे. डोळा आणि कान यांच्या मधून स्राव वाहून गालावर काळा ओघळ उमटलेला आणि मागचे पाय मूत्राने ओले झालेले असतील, तर तो नर माजावर आहे, असे समजून गाडी शांतपणे मागे घ्यावी. माद्यांचा कळप रस्ता ओलांडत असताना शेवटचे पिल्लू पलीकडे गेल्याची खात्री होईपर्यंत पुढे सरकू नये. हत्तीने कान पसरून तोंड आपल्याकडे केले म्हणजे अंतर कमी झाल्याचा तो इशारा आहे. अशा वेळी हॉर्न वाजवणे किंवा इंजिन घुमवणे जिवावर बेतू शकते. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरणे तर सर्वस्वी निषिद्ध आहे. मे महिन्यात कॅम्पांची फाटके साधारण सायंकाळी साडेपाचला बंद होतात आणि उशीर झाल्यास दंड होतो, म्हणून परतीसाठी अर्धा तास हातात ठेवावा. अंधारानंतरचे जंगल पाहायचे असल्यास कॅम्पातून निघणाऱ्या रात्रीच्या फेरीत जागा घ्यावी. सहा वर्षांखालील मुलांना त्यात नेत नाहीत.

गेंडा दिसल्यास त्याचे छायाचित्र ठिकाणासह लगेच समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण चोरटे शिकारी अशा माहितीचा उपयोग करून घेतात. तसेच वाटेत सिंहाचे छावे हाताळायला देणारी किंवा सिंहासोबत चालायला नेणारी केंद्रे लागतील, तिथे एक रँडसुद्धा (तिकडचे चलन) देऊ नये. त्या देशात बंदिस्त सिंहांची पैदास हा धंदा आहे, छावे पर्यटकांसाठी आईपासून लवकर तोडले जातात आणि मोठे झालेले सिंह कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांना हे समजावून सांगावे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची चिंता करू नये. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग एवढे सोबत असले की काम भागते. दुधाचे पदार्थ, मांस, ताजी फळे, मध आणि बियाणे यांच्या आयातीवर मात्र निर्बंध असल्यामुळे कंदी पेढे घरीच ठेवावेत. ओट्यावर अन्न उघडे ठेवल्यास बबून आणि वानरे ते पळवतात, आणि माणसाच्या खाण्याला चटावलेला बबून धोकादायक ठरला की शेवटी त्यालाच गोळी घातली जाते, म्हणून कोणालाही काहीही खायला घालू नये.

क्रुगरच्या परिसरात हिवताप आहे. कोरड्या महिन्यांत धोका कमी असतो, तरी प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारावे आणि संध्याकाळी अंगभर कपडे व डास प्रतिबंधक मलम वापरावे. अगदी लहान मुले किंवा गरोदर स्त्री सोबत असेल, तर पिलान्सबर्ग किंवा माडिक्वे ही हिवतापमुक्त राखीव जंगले निवडणे शहाणपणाचे आहे. परत आल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत ताप आल्यास तो साधा समजून अंगावर काढू नये. आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, कारण तिकडचा फाल्सिपेरम या घातक प्रकारचा हिवताप थोड्याच दिवसांत गंभीर रूप धारण करतो.